आधी गाडी पाहू दे

आमच्या बसस्थानकावर भोंग्यातून आवाज यायच्या आधी दौलतकाका दिसायचे. कंट्रोलरच्या खोलीतून ते बाहेर यायचे, फाटकातून आत वळणाऱ्या गाडीची पाटी वाचायचे, ड्रायव्हरला हात करायचे आणि गाडी फलाटाला नीट लागेपर्यंत तिथंच उभे राहायचे. मग परत आत जाऊन माईक हातात घ्यायचे. "यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. प्रवाशांनी आपले सामान आणि लेकरे सांभाळून गाडीत बसावे." मे महिन्यात डांबर पायाला चिकटायचं, तेव्हाही हा क्रम चुकला नाही. दिवसाला पन्नासेक गाड्या, म्हणजे पन्नास वेळा बाहेर आणि पन्नास वेळा आत.

ड्रायव्हर मंडळी त्यांची थट्टा करायची. "काका, हे गाडी रोज याच टायमाले येते. बसल्या बसल्या सांगून टाका ना." काका तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालाच्या एका बाजूला सरकवून म्हणायचे, "मागच्या बुधवारी नाई आली. मी बसल्या बसल्या सांगतलं असतं तं लोकायनं शिव्या कोनाले देल्या असत्या? तुले का मले?" आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "आधी गाडी पाहू दे, मंग सांगतो."

आमचं गाव महागाव आणि उमरखेडच्या मधलं. स्थानक लहानच, पण इथून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे नांदेड, त्यामुळे वर्दळ बरी असते. माझं दुकान स्थानकाच्या समोर. दुकान म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, एक माईक आणि एक संगणक. ऑटोवर भोंगा लावून गावभर फिरणाऱ्या जाहिराती मी तयार करतो. "चला चला चला, आपल्या गावात प्रथमच" हा आवाज ऐकून तुम्ही कधी कानावर हात ठेवला असेल, तर तो आमच्याच धंद्यातल्या कोणाचा तरी असणार. काका दुपारी चहाला माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "निलू, तुहं सगळं प्रथमच कसं असते बे? हा साड्याचा सेल मागच्या पोळ्याले बी प्रथमच होता."

त्यांचा आवाज मात्र माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा चांगला होता. जड, सावकाश, आणि शेवटचा शब्दही न गिळणारा. एकदा मी त्यांना गळ घातली की एका साडी दुकानाची जाहिरात तुमच्या आवाजात करू. कागदावर लिहिलं होतं, 'जिल्ह्यातील सर्वात स्वस्त साड्या'. काकांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि उठून गेले. मला वाटलं, रागावले. तासाभरानं परत आले ते थेट माईकसमोर बसले. "पाहून आलो. स्वस्त हायेत. सर्वात स्वस्त नाई. बाजूचा खाली देते." आणि त्यांनी जाहिरातीत फक्त 'स्वस्त साड्या' असंच म्हटलं. दुकानदार माझ्यावर तापला, पण पुढच्या सणाला 'मुनेश्वरसाहेबांच्याच आवाजात पाहिजे' म्हणून तोच माझ्या दारात उभा होता. गावानं ओळखलं होतं की हा माणूस बोलला म्हणजे जाऊन पाहून आला आहे.

दौलत मुनेश्वर हे त्यांचं पूर्ण नाव. भीमजयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असायचं आणि पाहुणे येऊन खुर्चीवर बसल्याखेरीज 'आपल्यात उपस्थित आहेत' हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. एकदा मोठे पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर काका मंचावरून लोकांना एवढंच सांगत राहिले, "पाहुणे अजून आलेले नाहीत." आयोजक खालून हातवारे करून थकले.

स्थानकावर त्यांच्या भोंग्यातून गाड्यांखेरीज बरंच काही ऐकू यायचं. "माहूरहून आलेल्या, हिरव्या लुगड्यातल्या आजी, आपली पिशवी पाण्याच्या टाकीजवळ राहिली आहे." किंवा, "नांदेड गाडीला अजून पंधरा मिनिटे आहेत, ज्यांना डबा खायचा आहे त्यांनी खाऊन घ्यावा." मी एकदा म्हटलं, काका, प्रत्येक गाडीवर एवढी मोठी पाटी असते, तुम्ही घसा कशाला कोरडा करता? ते म्हणाले, "ज्याले वाचता येते त्याले पाटी हाय. ज्याले येत नाई त्याच्यासाठी मी हाय."

अशांपैकी एक दुर्पताबाई. जवळच्या खेड्यातून बाजाराला यायची, मोसमाप्रमाणे बोरं, सीताफळं, चारोळी विकायची. परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटाच्या खांबाला पाठ टेकून डोळे मिटून बसायची. कोणी हलवून म्हणालं, "मावशी, गाडी लागली वाटते," तर डोळे न उघडताच उत्तर यायचं, "दौलतभाऊ सांगन तवा उठू." पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एक डोळा जवळपास गेलाच, तेव्हा तर तिचा सगळा भरवसा या आवाजावर आला.

खर्ऱ्यानं काकांचा घात केला. काकू रोज बोलायच्या, मीही बोलायचो, आणि ते खर्ऱ्याची पन्नी चोळत हसायचे. निवृत्तीनंतर वर्षभरात आवाज घोगरा झाला, मग फाटला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन झालं. काका परत आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. मफलरखाली श्वास घ्यायला छिद्र होतं, आणि हातात नातवाची जुनी पाटी. त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'चाय घेशीन?' मी मान हलवली आणि बाहेर येऊन रडलो.

त्याच सुमारास माझ्या धंद्यात नवं तंत्र आलं होतं. एखाद्या माणसाचं थोडा वेळ बोलणं संगणकाला ऐकवलं की त्यानं कधीच न बोललेलं वाक्यही संगणक त्याच्याच आवाजात बोलून दाखवतो. आपण फक्त टाइप करायचं. मी काकांच्या जुन्या जाहिराती काढल्या, स्थानकावर सहज करून ठेवलेली काही ध्वनिमुद्रणं काढली आणि त्यांच्या फोनमध्ये त्यांचा आवाज बसवून दिला. काकांनी एका बोटानं टाइप केलं. फोन बोलला, "शांता, चहा मांड." काकू स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आवाज आला वापस, पण हुकूम तेच हायेत."

गंमत अशी की संगणक काकांचं बोलणं फलाटावरच्या ध्वनिमुद्रणांतूनच शिकला होता. त्यामुळे घरात ते काहीही म्हणाले तरी गाडी लागल्यासारखं वाटायचं. 'भाजीत मीठ कमी आहे' हेसुद्धा सगळ्या प्रवाशांनी नोंद घ्यावी अशा थाटात. शेवटी काकूंनी मुलीच्या, शीतलच्या लग्नाची कॅसेट शोधून काढली. तिच्यात काका पाहुण्यांशी घरच्या बोलीत बोलत होते. ती ऐकवल्यावर फोन थोडा माणसात आला. काका हसले की गळ्यातून नुसती हवा यायची, पण ते त्या दिवशी खूप हसले.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पुढचं मी केलं.

काकांच्या जागी नवीन माणूस आला नव्हता आणि स्थानकाचा भोंगा मुका पडला होता. जाहिरातींसाठी तो चालवायला मला मिळाला. जाहिरातींच्या मध्ये गाड्याही सांगायच्या होत्या. माझ्या मनात लगेच आलं, काकांचाच आवाज लावू. मी घरी जाऊन विचारलं. त्यांचे डोळे चमकले, ते मी स्पष्ट पाहिलं. पण हात पाटीकडे गेला. त्यांनी लिहिलं, 'गाडी कोण पाह्यन?'

"मी पाहीन काका. माझं दुकान समोरच आहे. गाडी पाहीन आणि मगच बटण दाबीन."

त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, 'मंग चालन.'

पहिल्या दिवशी ते कडुलिंबाच्या झाडाखालच्या बाकावर येऊन बसले. भोंग्यातून त्यांचा आवाज आला तेव्हा फलाटावरची माणसं माना वळवून पाहायला लागली. चहावाला ओरडला, "आले का काका डिवटीवर?" काकांनी बसल्या जागेवरून हात वर केला. महिनाभर मी शब्द पाळला. गाडी दिसली की दुकानातून उठायचो, पाटी वाचायचो, बटण दाबायचो. मग लग्नसराई आली. ऑटोवाले दारात उभे, बँडवाले दारात उभे, मला जागेवरून हलायला सवड नाही. काका रेडिएशनचा शेक घ्यायला नागपूरला गेले होते. मी संगणकाला गाड्यांचं वेळापत्रक लावून दिलं आणि मोकळा झालो. मनाशी म्हटलं, पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होईल, त्यात काय मोठं?

काका नागपूरहून परतले त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी फोनचं काही नीट करत बसलो होतो. दारात दुर्पताबाई आली. हात पुढे करून चौकट चाचपली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागली.

"दौलतभाऊ, माह्याशी काहून खोटं बोलले तुम्ही?"

काकूंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं कळलं. यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या राहिलेल्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस ठरला होता. कित्येक महिने वाट पाहून मिळालेला दिवस. ती सकाळी स्थानकावर येऊन खांबाला टेकून बसली. यवतमाळ गाडी त्या दिवशी वाटेत पंक्चर झाली होती. तिच्या वेळेला फलाट दोनवर नांदेडची गाडी उभी होती. आणि भोंग्यातून दौलतभाऊचा आवाज आला, यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. ती उठली आणि बसली.

"कंडक्टर आला गर्दीतून, तवरोक गाडी कितीक दूर गेलती. म्हणे, मावशी, हे नांदेड हाय, उतरा. मी म्हणलं, तू नवा हायस बाप्पा, दौलतभाऊनं यवतमाळ सांगतली तं यवतमाळच हाय. नाई उतरली मी. समदी गाडी हासून राह्यली मले. उमरखेडले हात धरून उतरवलं त्यायनं. यवतमाळले पोहोचली तं डाक्टर म्हणे, आजचे झाले, आता दोन महिन्यानं या." तिनं पदर तोंडाला लावला. "आता या डोळ्यानं बी नुसता उजेड दिसते. तुमच्या भरोशावर बसली होती मी."

काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "माय, ह्यायचा आवाज तं कवाचाच गेला. ऑपरेशनात काढला."

"मंग बोललं कोण?"

मी फरशीकडे पाहत होतो. काकांनी सवयीनं पाटी उचलली, खडू टेकवला आणि थांबले. तिला वाचता येत नव्हतं. मी त्यांच्यासमोर फोन धरला. टाइप केलं असतं तर त्यांच्या आवाजात माफी मागता आली असती. त्यांनी माझा हात बाजूला सारला. ते उठले, तिच्यासमोर जाऊन बसले, गळ्याचा मफलर सोडला आणि तिचा हात धरून तिची बोटं त्या छिद्राजवळ नेली. श्वास आत-बाहेर होत होता. तिनं बोटांनी चाचपलं आणि तिचा चेहराच उतरला. "अगं माय," एवढंच म्हणाली.

मग मला बोलावंच लागलं. "मावशी, ते मी लावलं होतं. मशीनवर. काकांचा काही दोष नाही." दुर्पताबाईनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि हे लिहितानाही ती कमी झालेली नाही.

ती गेल्यावर काकांनी पाटीवर लिहून माझ्याकडे फिरवली. 'तू पाह्यली होती का गाडी?'

मी नाही म्हणालो. त्यांनी पाटी पुसली. मी मशीनला दोष द्यायला लागलो, वेळापत्रकाला, पंक्चरला. त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी सावकाश आणि मोठ्या अक्षरांत. 'मशीन खोटं नाई बोललं. माह्या तोंडानं तू बोलला.' त्या दिवशी मी उठून सरळ स्थानकावर गेलो आणि तो आवाज बंद केला.

दोन महिन्यांनी दुर्पताबाईचा दिवस आला. काका शेकानं पार खंगले होते, पायरी चढतानाही थांबावं लागायचं. तरी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, फाटकापाशी उभे राहिले, गाडीची पाटी वाचली, ड्रायव्हरला हात केला. मग येऊन तिचं मनगट धरलं, तिला गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. यवतमाळला तिच्या ऑपरेशनपर्यंत ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावलेल्या दुर्पताबाईला घेऊन परत आले. मी सोबत येतो म्हणालो होतो, तर पाटीवर उत्तर आलं होतं, 'तू दुकान पाहा.'

त्यानंतर जमेल तितके दिवस ते स्थानकावर यायचे. गाडी वळली की काठी टेकत फाटकापर्यंत जायचे, पाहायचे आणि खांबाला टेकलेल्या बायांसमोर येऊन बोटांनी फलाटाचा आकडा दाखवायचे. माझ्याशी बोलणं त्यांनी टाकलं नाही. उलट चहाला पूर्वीसारखेच यायचे आणि मी 'प्रथमच' म्हणालो की भुवया उडवायचे. एकदा नगरपंचायतीच्या निवडणुकीत एकानं माझ्याकडे विरोधी उमेदवाराचा आवाज आणून दिला आणि त्याच्या तोंडी घालायची चार वाक्यं लिहून आणली. काका कोपऱ्यात चहा पीत बसले होते. त्यांनी पाटीला हातही लावला नाही. मी त्या माणसाला म्हणालो, "भाऊ, हे त्यानं बोललेलं मी ऐकलं नाही. मला जमणार नाही." तो शिव्या देत गेला. काकांनी उरलेला अर्धा कप माझ्याकडे सरकवला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. अक्षर तिरपं जात होतं. 'माहा आवाज तुह्यापाशी हाय. मी बोलून ठेवलं तेवढंच माहं. नवं काही बोलवू नको.' मी हो म्हणालो. त्यांनी पाटी पुसली नाही, तशीच उशाशी ठेवली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शीतल पुण्याहून आली होती. ती माझ्याजवळ आली, डोळे सुजलेले. "निलूदादा, शेवटी बाबाच्या आवाजात एकच वाक्य लाव ना. 'सगळे आले, बरं वाटलं.' बाबा असेच म्हणाले असते." तिला नाही म्हणायला जीभ उचलेना. दुकानात आलो, टाइप केलं, आणि बोट बटणावर ठेवून बसलो. काका खरंच असेच म्हणाले असते. मला तो आवाज ऐकायची ओढ तिच्याहून कमी नव्हती. पण आज कोण कोण आलं, हे काकांनी पाहिलं नव्हतं. मी ते वाक्य पुसलं. मग काकांच्या फोनमधला आणि माझ्या संगणकातला तो बनवलेला आवाजही पुसला. जुनी ध्वनिमुद्रणं तेवढी राहू दिली.

मांडवात त्यांच्यातलंच एक लावलं. नोकरीच्या काळातलं, मागं गाडीची घरघर, कोणाचं तरी लेकरू रडतंय, आणि काका सांगताहेत, यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. शीतलनं काकूंचा हात धरला.

पुढच्या रांगेत दुर्पताबाई बसली होती. तिनं भोंग्याकडे पाहिलं, मग मला शोधून काढलं. आता तिला दिसत होतं.

"काहून रे बाबू," ती म्हणाली, "ही गाडी पाह्यली होती का दौलतभाऊनं?"

"हो मावशी," मी म्हणालो. "बाहेर जाऊन पाहून आले, मग सांगितलं. मी तिथंच होतो."

"मंग ठीक हाय," दुर्पताबाई म्हणाली, आणि तिनं मांडवाच्या खांबाला पाठ टेकून डोळे मिटले.